पाण्यातून जमिनीवर: वनस्पतींचे उपाय आणि प्रत्येक उपायाची किंमत

प्रश्न एका विज्ञान शिक्षिकेचा आहे. पाण्यातल्या वनस्पती जमिनीवर आल्या तेव्हा त्यांच्यात कोणते बदल झाले, कोणत्या क्रमाने झाले, आणि हे सगळं होऊन इतकी कोटी वर्षं लोटली तरी मॉस अजून बोटभर उंचीचं आणि पावसाच्या भरवशावरच का? यातला शेवटचा भाग त्यांच्या नववीच्या वर्गातल्या एका मुलीचा आहे. "मॉस मागेच राहिलं का, मॅडम?" असं तिने विचारलं.

ताई, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न फार चांगला आहे. त्याच्यापर्यंत पोचायचं तर आधीचे दोन प्रश्न नीट सोडवावे लागतात, म्हणून उत्तर लांबणार आहे. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. पावसाळा लागला की मुलांना घेऊन महाबळेश्वर, आंबोली, भीमाशंकर अशा ठिकाणी मॉस, लिव्हरवर्ट (मॉसच्याच नात्यातल्या छोट्या वनस्पती) आणि नेचे (फर्न) बघायला जायचं, हे माझं वर्षानुवर्षांचं काम. त्यामुळे जमेल तिथे डोळ्यांना दिसणाऱ्या वनस्पतीवरूनच सांगतो.

पाठ्यपुस्तकात सहसा एक यादी असते: मेणचट आवरण, पर्णरंध्रं, मुळं, वाहिन्या, बी. यादी बरोबर आहे. पण ती पाठ केलेल्या मुलांना वाटतं की हे सगळं एकदमच आलं. खरं तर यातल्या गोष्टींमध्ये काही कोटी वर्षांची अंतरं आहेत, आणि बहुतेक प्रत्येक गोष्ट आधीच्या उपायाने उभ्या केलेल्या अडचणीतून आली आहे. हा विषय शिकवायचा तो असाच, असं माझं ठाम मत आहे: एक उपाय, त्याची किंमत, आणि ती किंमत भागवायला पुढचा उपाय.

आधी, आलं कोण? भिंतीवरच्या मॉसपासून वडापर्यंत जमिनीवरच्या सगळ्या वनस्पती एकाच पूर्वजाच्या वंशातल्या आहेत आणि तो पूर्वज गोड्या पाण्यातलं हिरवं शैवाल होता. समुद्रातली मोठमोठी तपकिरी शैवालं या वंशात येत नाहीत. नेमकं कुठलं हिरवं शैवाल, यावर बरीच चर्चा झाली आणि त्यात भारताचाही एक धागा आहे. मद्रासचे एम. ओ. पी. अय्यंगार यांनी १९३२ मध्ये ओलसर मातीत वाढणारं फ्रित्शिएला नावाचं शैवाल वर्णिलं. त्याचा काही भाग मातीत आणि काही तंतू हवेत उभे, त्यामुळे जमिनीवरच्या वनस्पतींचा पूर्वज असाच असावा असं अनेक पाठ्यपुस्तकं पुढे कित्येक वर्षं सांगत राहिली. नंतर पेशीविभाजनाचे बारकावे आणि जनुकांचे क्रम तपासले गेले, तेव्हा फ्रित्शिएला हिरव्या शैवालांच्या दुसऱ्याच शाखेचं निघालं. जमिनीवर राहणं शैवालांना अनेकदा जमलं आहे. पण त्यातून जंगल उभं करणारी शाखा एकच निघाली.

मग बरीच वर्षं कारा या शैवालाकडे बोट दाखवलं जायचं, कारण त्याची रचना गुंतागुंतीची, जवळजवळ झाडासारखी. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या जनुकीय अभ्यासांनी मात्र कौल दिला तो स्पायरोगायराच्या कुळाला. प्रयोगशाळेत मुलं स्लाइडवर बघतात ते हिरव्या फितीचं साधंसुधं स्पायरोगायरा हे आपल्या आंब्या-फणसाच्या सगळ्यांत जवळच्या शैवाल नातेवाइकांपैकी एक आहे. याच गटातल्या, ओल्या मातीवर राहणाऱ्या काही एकपेशीय शैवालांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकसंच, २०१९ मध्ये वाचले गेले. त्यांत असं दिसलं की कोरडेपणाचा ताण सोसायला लागणारी काही जनुकं या वंशात आधीच होती, आणि त्यांतली काही बहुधा मातीतल्या जिवाणूंकडून आलेली होती. आजच्या झाडात पाणी कमी पडलं की अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं. त्याचा निरोप ओळखणाऱ्या प्रथिनांचं कूळ या शैवालांत सापडतं. उन्हाळ्यात आटणारी डबकी आणि पावसाने पुन्हा भरणारे खळगे हे या शैवालांचं घर होतं. सुकणं आणि पुन्हा ओलं होणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं, आणि जमिनीवरच्या आयुष्याची पहिली तालीम तिथेच झाली.

आता पाणी सोडल्यावर काय गेलं ते बघू. पाण्यात शरीराला चहूबाजूंनी आधार असतो, क्षार सर्व अंगांनी शोषता येतात, तापमान फारसं वरखाली होत नाही, अतिनील किरण बरेच अडतात आणि पुंबीज पोहत स्त्रीबीजापर्यंत जातं. हवेत यातलं काहीच नाही. मग यायचं कशाला? कारण हवेत कार्बन डायऑक्साइड पाण्यातल्यापेक्षा सुमारे १०,००० पट वेगाने पसरतो, प्रकाश भरपूर असतो, खडकांत खनिजं पडून असतात, आणि त्या काळी खाणारं कोणी जवळपास नव्हतं. प्रकाशसंश्लेषण करणाऱ्याला याहून चांगली जागा शोधून सापडली नसती. अट एकच: सुकून मरायचं नाही.

सगळ्यांत जुना पुरावा आहे बीजाणूंचा, म्हणजे मॉस-नेचे ज्यांच्यातून नव्याने उगवतात त्या एकपेशीय कणांचा. अर्जेंटिनातल्या सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सूक्ष्म बीजाणू सापडले आहेत. त्यांच्या भिंतीत स्पोरोपोलेनिन आहे. हे निसर्गातल्या सगळ्यांत चिवट सेंद्रिय पदार्थांपैकी एक: ते ऊन, कोरडेपणा, जंतू आणि तीव्र आम्लंही सोसतं. हा पदार्थही नवा नव्हता. काराच्या आणि त्याच्या भाऊबंदांच्या फलित पेशीभोवती अशाच पदार्थाचं कवच असतं. जमिनीवरच्या वनस्पतींनी ते कवच फलित पेशीकडून बीजाणूंकडे वळवलं. आज परागकणाची भिंत याच पदार्थाची आहे, आणि म्हणूनच तळ्याच्या गाळात हजारो वर्षांपूर्वीचे परागकण ओळखू येतात. बीजाणू ४७ कोटी वर्षांपूर्वीचे असले, तरी आख्खी वनस्पती ओळखता येईल असे जीवाश्म मिळतात ते सुमारे ४३ कोटी वर्षांपासून. त्यांतली प्रसिद्ध वनस्पती म्हणजे कुकसोनिया. विल्यम लँग यांनी १९३७ मध्ये तिला इझाबेल कुकसन या ऑस्ट्रेलियन पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बाईंचं नाव दिलं. उंची काही सेंटिमीटर, पान नाही, मूळ नाही. दुभागत जाणारा नुसता देठ आणि टोकाला बीजाणूंची पिशवी. मधल्या चार कोटी वर्षांत जे कोणी जमिनीवर होतं ते लहान आणि मऊ असणार, खडकात टिकण्याजोगं नसणार.

आता मी ज्यावर सगळ्यांत जास्त वेळ घालवतो तो मुद्दा. पुष्कळ ठिकाणी तो शेवटी उरकला जातो, पण जमिनीवरच्या वनस्पतींची खरी ओळख मेणात किंवा मुळांत नसून भ्रूणात आहे. शैवालात फलन झालं की फलित पेशी बहुधा अर्धसूत्री विभाजनाने (ज्यात गुणसूत्रांची संख्या निम्मी होते) फुटते आणि चार-दोन पेशी बाहेर पडून आपापल्या वाटेला लागतात. पाण्यात हे चालतं, कारण फलनाला पाणी कायम हजर असतं. जमिनीवर पुंबीजाला पोहायला पाणी कधी मिळेल याचा नेम नाही, तेव्हा प्रत्येक यशस्वी फलन मोलाचं ठरतं. उपाय असा निघाला की फलित पेशीने लगेच अर्धसूत्री विभाजन करायचं नाही. आधी साध्या विभाजनांनी बहुपेशीय शरीर वाढवायचं आणि मग त्या शरीरातल्या असंख्य पेशींनी बीजाणू करायचे. फलन एक, बीजाणू हजारो. एफ. ओ. बोवर या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही मांडणी केली आणि तिचा गाभा आजही टिकून आहे.

हे मुलांना दाखवायला फ्युनारियासारखं मॉस पुरतं. जुनी भिंत, कुंडीतली माती, जळक्या लाकडाची जागा अशा ठिकाणी ते उगवतं. हिरवा मखमली गालिचा म्हणजे युग्मकजनक पिढी, पुंबीजं आणि स्त्रीबीजं तयार करणारी. तिच्या शेंड्यातून लांब तांबूस देठ वर येतो आणि टोकाला वाकडी बोंडी लटकते, ती बीजाणू तयार करणारी बीजाणुजनक पिढी. देठासह आख्खी बोंडी ही खालच्या हिरव्या झाडाची संतती आहे आणि ती जन्मभर आईला चिकटूनच राहते. देठाचं खालचं टोक आईच्या ऊतीत रुतलेलं असतं. तिथल्या पेशींच्या भिंतींना आतून असंख्य घड्या असतात. त्यामुळे पृष्ठभाग वाढतो आणि आईकडून साखर, पाणी, क्षार लेकराकडे जातात. कोवळ्या बोंडीवर चोचदार टोपी दिसते, ती सुईच्या टोकाने अलगद निघते. ही टोपी आईच्या पेशींची असते, बोंडीच्या नव्हे. फ्युनारियावर असे प्रयोग झाले आहेत की टोपीवरचा मेणचट थर काढून रोपं कोरड्या हवेत ठेवली, तर आतल्या कोवळ्या बीजाणुजनकाची वाढ बिघडते. आईने आपलं आवरण लेकराच्या डोक्यावर धरलेलं असतं, आणि लेकराचं स्वतःचं आवरण पक्कं झालं की टोपी गळून पडते. भिंगाने दिसणारी ही गोष्ट मुलं विसरत नाहीत.

मेणचट आवरणाची किंमत पुढच्या वनस्पतीवर दिसते. पावसाळ्यात घाटातल्या पाझरत्या दरडीवर लिव्हरवर्टचे चपटे हिरवे पट्टे खडकाला चिकटून असतात, मार्केंशिया किंवा प्लॅजिओकॅझ्मासारखे. दहा पट मोठं करणारं भिंग डोळ्याला लावून जवळ गेलं की मार्केंशियाच्या पृष्ठभागावर नाजूक बहुकोनी चौकटी दिसतात आणि प्रत्येकीच्या मधोमध एक ठिपका. तो ठिपका म्हणजे छिद्र. चौकटीखाली हवेची कोठडी असते आणि तिच्यात हिरव्या पेशींच्या छोट्या उभ्या ओळी. मेणामुळे पाणी बाहेर जायचं थांबलं, पण कार्बन डायऑक्साइड आत यायचाही थांबला, म्हणून छिद्र पाडावं लागलं. या छिद्राची मोठी उणीव ही की ते पाहिजे तेव्हा मिटता येत नाही. पट्टा उलटा केला तर खाली जांभळट खवले आणि केसांसारखे मुळाभ (खडकाला धरून ठेवणारे, पण खरी मुळं नसलेले तंतू) दिसतात. प्लॅजिओकॅझ्माचा पट्टा कोरडा पडायला लागला की कडा आत वळतात, वरचा हिरवा भाग झाकला जातो आणि जांभळी बाजू बाहेर येते. छिद्र मिटता येत नाही, म्हणून आख्खं शरीरच मिटतं.

मिटणारं छिद्र म्हणजे पर्णरंध्र. दोन रक्षक पेशी, त्यांत पोटॅशियम शिरलं की मागोमाग पाणी शिरतं, पेशी फुगून वाकतात आणि मध्ये फट पडते. पोटॅशियम बाहेर गेलं की फट बंद. गंमत अशी की मॉसमध्ये आणि त्याच्याच नात्यातल्या, अँथॉसिरॉससारख्या हॉर्नवर्टमध्ये पर्णरंध्रं असतात, पण ती पानासारख्या भागावर नसून बीजाणूंच्या बोंडीवर असतात. तिथे त्यांचं काम काय? अनेक अभ्यासकांना वाटतं की बोंडी पिकल्यावर ती सुकवायला ती उपयोगी पडतात, कारण बोंडी सुकल्याशिवाय फुटत नाही आणि बीजाणू उडत नाहीत. म्हणजे पाणी वाचवणं हे पर्णरंध्रांचं मूळ काम असेलच असं नाही. हा वाद अजून चालू आहे आणि वर्गात सांगण्याजोगा आहे, कारण उत्क्रांतीत एका कामासाठी आलेला अवयव दुसऱ्याच कामाला लागतो हे यातून छान कळतं.

पर्णरंध्रांचीही किंमत आहेच, आणि ती जबर आहे. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू आत घेऊन साखरेत बांधेपर्यंत साधारण झाडाचे पाण्याचे काही शे रेणू वाफ होऊन जातात. तेवढं पाणी खालून सतत आलं पाहिजे. मग आली मुळं, असं यादी म्हणते. पण मुळांच्या आधी आली बुरशी, आणि हे सांगायला स्कॉटलंडला जावं लागतं.

अबर्डीनशरमध्ये ऱ्हायनी नावाचं खेडं आहे. विल्यम मॅकी या डॉक्टरांना १९१० च्या दशकात तिथल्या शेतांत आणि दगडी कुंपणांत काचेसारखे चर्ट दगड दिसले. त्यांचे पातळ काप घासून बघितले तर आत वनस्पती होत्या, पेशींच्या भिंतींसकट. सुमारे ४० कोटी ७० लाख वर्षांपूर्वी तिथे गरम पाण्याचे झरे होते. त्यांतल्या सिलिकाने आसपासची दलदल पेशीच्या पातळीवर जशीच्या तशी गोठवून टाकली. रॉबर्ट किड्स्टन आणि विल्यम लँग यांनी १९१७ ते १९२१ या काळात या वनस्पतींचं वर्णन केलं: ऱ्हायनिया, हॉर्निओफायटॉन, अ‍ॅस्टरोझायलॉन, आणि आज जिला आपण अ‍ॅग्लाओफायटॉन म्हणतो ती. जेमतेम वीतभर उंचीच्या, बहुतेक बिनपानांच्या. देठांवर पर्णरंध्रं मात्र स्पष्ट दिसतात. खरी मुळं नाहीत, जमिनीला टेकलेल्या देठांवर फक्त मुळाभ आहेत. आणि अ‍ॅग्लाओफायटॉनच्या पेशींच्या आत बुरशीची झाडासारखी फांद्या फुटलेली नाजूक रचना आहे. ही रचना आजच्या मायकोरायझासारखी (मुळं आणि बुरशी यांच्या भागीदारीसारखी) आहे आणि ती १९९४ मध्ये तपशीलवार प्रसिद्ध झाली.

बुरशीचे तंतू वनस्पतीच्या कुठल्याही केसापेक्षा बारीक. ते खडकाच्या फटीत शिरतात, आम्लं सोडतात, फॉस्फरस मोकळा करतात. बदल्यात वनस्पती साखर आणि स्निग्ध पदार्थ देते. मार्केंशिया पॅलिएशिया या मूळ नसलेल्या लिव्हरवर्टवर २०२१ मध्ये झालेल्या प्रयोगांतून दिसलं की स्निग्ध पदार्थ पोचवायची ही व्यवस्था तिथेही आहे आणि ती मोडली की भागीदारीही मोडते. गव्हातही हेच, लिव्हरवर्टमध्येही हेच. म्हणजे हा करार दोघांच्या समान पूर्वजापर्यंत मागे जातो. माझ्यासाठी या आख्ख्या विषयातली सगळ्यांत मोठी गोष्ट ही आहे. जमिनीवर येणं एकट्या वनस्पतीचं काम कधीच नव्हतं, आणि शाळेत हे फार कमी सांगितलं जातं. शेतकऱ्याला आज मायकोरायझाची पाकिटं विकली जातात ती याच जुन्या भागीदारीच्या जोरावर.

पाणी मिळालं, ते वर चढवायचं कसं? मॉसमध्ये काहींच्या देठात पाणी वाहणाऱ्या लांबट, मेलेल्या पेशी असतात, पण त्यांच्या भिंती मऊ. अ‍ॅग्लाओफायटॉनचंही साधारण तसंच. ऱ्हायनियाच्या वाहक पेशींच्या भिंतीत मात्र जाडसर पट्टे दिसतात, आणि इथे गोष्ट बदलते. झाड पाणी खालून ढकलत नाही. पानातून वाफ जाते तसा पाण्याचा अखंड धागा वर ओढला जातो. डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये हे मांडलं. पण ओढलं की नळीच्या आत दाब उणा होतो. कागदी स्ट्रॉने घट्ट लस्सी जोरात ओढली की स्ट्रॉच चपटी होते, तसं मऊ नळीचं होणार. भिंतीत लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ, भरलं की नळी तग धरते. लिग्निन ज्या रासायनिक वाटेने बनतं तिचा सुरुवातीचा टप्पा मॉसमध्येही आहे. तिथे त्यातून निघणारे पदार्थ अतिनील किरण अडवतात. आधी उन्हापासून रक्षण, मग नळीची मजबुती, आणि त्याच मजबुतीतून पुढे लाकूड.

लाकूड आल्यावर वेग वाढला. पाणी वाहून न्यायला घट्ट झालेली नळी उंच उभं राहायलाही कामी आली आणि उंचीची चढाओढ सुरू झाली, कारण शेजारी उंच गेला की आपल्यावर सावली पडते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कैरो गावाजवळ एका जुन्या खाणीत सुमारे ३८ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या जंगलाची जमीन उघडी पडली आहे. त्यात आर्किओप्टेरिस या झाडाच्या मुळांची जाळी ११ मीटरपर्यंत पसरलेली दिसते. वीतभर देठांपासून इथवर यायला जेमतेम दोन कोटी वर्षं लागली. खरं मूळ एकदाच नाही, किमान दोन वंशांत स्वतंत्रपणे आलं. पानांचंही तसंच. मोठी रुंद पानं उशिरा आली. त्याचं एक पटणारं कारण असं दिलं जातं की त्या आधी हवेत कार्बन डायऑक्साइड फार होता, त्यामुळे थोडीच पर्णरंध्रं पुरत, आणि थोड्या रंध्रांचं रुंद पान बाष्पोत्सर्जन कमी पडून उन्हात भाजलं असतं. मुळांनी खडक फोडले, त्या रासायनिक क्रियेत कार्बन डायऑक्साइड खेचला गेला, हवेतलं प्रमाण उतरलं, पर्णरंध्रं वाढली आणि पानाला रुंद व्हायची मुभा मिळाली.

इतकं सगळं झालं तरी एक बाब तशीच राहिली होती. नेचे झाडाएवढे उंच झाले, पण त्यांच्या पुंबीजाला पोहायला अजून पाणी लागत होतं आणि आजही लागतं. पावसाळ्यात नेचे वाढतात त्या ओल्या दरडीवर किंवा कुंडीच्या कडेला नीट बघा, नखाएवढ्या किंवा त्याहून लहान, हृदयाच्या आकाराच्या पातळ हिरव्या पापुद्र्या सापडतील. ती नेच्याची युग्मकजनक पिढी, अगदी स्वतंत्र जगणारी. पिकलेली पापुद्री स्लाइडवर पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली थोडा वेळ थांबलं तर मळसूत्री पुंबीजं गरगर फिरत बाहेर पडताना दिसतात. ज्या विद्यार्थ्याने हे पाहिलं त्याला वनस्पतींचं पाण्याशी नातं वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मॉसने या अडचणीवर थोडी मदत मिळवली आहे. स्प्रिंगटेलसारखे कीटकांशी मिळतेजुळते बारीक जीव मॉसची पुंबीजं एका रोपावरून दुसऱ्यावर नेतात, हे प्रयोगांनी दाखवलं आहे.

कायमचा उपाय म्हणजे बी. मोठा बीजाणू बाहेर सोडायचाच नाही, तो आईच्या अंगावर ठेवायचा, त्यातच मादी पिढी वाढवायची आणि भोवती आवरण घालायचं. नर पिढी परागकणात बंद करून हवेवर सोडायची. हे डेव्होनियन कालखंडाच्या शेवटी, सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वी दिसू लागतं. तरी जुनी सवय लगेच गेली नाही. साकुगोरो हिरासे यांनी १८९६ मध्ये जपानमध्ये गिंको या झाडाच्या बीजांडात पोहणारी पुंबीजं पाहिली आणि त्याच वर्षी सेइचिरो इकेनो यांनी ती सायकसमध्ये दाखवली. बंगल्यांच्या बागेत शोभेला लावतात तेच सायकस. त्याची पुंबीजं वनस्पतिसृष्टीत सर्वांत मोठ्यांपैकी आहेत, हजारो कशाभिकांनी (चाबकासारख्या बारीक तंतूंनी) पोहतात, आणि ज्यात पोहतात तो थेंब झाड स्वतः आतल्या आत पुरवतं. पाइन, देवदार आणि फुलझाडांत परागनलिका थेट स्त्रीबीजापर्यंत जाते आणि पोहणं संपतं. फुलांची कहाणी मोठी आहे, पण ती मुख्यतः कीटकांशी झालेल्या व्यवहाराची. जमिनीवर तगण्याचा प्रश्न त्याआधीच सुटला होता.

आता तुमच्या विद्यार्थिनीकडे येतो. मॉस मागे राहिलं का? नाही. त्याने दुसरा मार्ग धरला. झाडांनी शरीरातलं पाणी कायम एका पातळीवर राखायचं ठरवलं, आणि मेण, पर्णरंध्रं, मुळं, वाहिन्या हा सगळा खर्च त्यासाठी केला. मॉस पाणी राखतच नाही. हवा ओली तर ते ओलं, हवा कोरडी तर ते कोरडं. अनेक मॉस जवळजवळ सगळं पाणी गमावून कुरकुरीत होतात, त्यांची जीवनक्रिया थांबते, आणि पाणी मिळालं की काही मिनिटांत पानं उलगडून पुन्हा कामाला लागतात. आंब्याच्या झाडाचं इतकं पाणी गेलं तर झाड मरेल. या पद्धतीला मुळं लागत नाहीत, माती लागत नाही, म्हणून मॉस उघड्या खडकावर, झाडाच्या सालीवर, कौलावर राहतं, जिथे झाडाला पाय रोवता येत नाही. किंमत उंचीची. पाणी अंगभर बाहेरूनच घ्यायचं तर फार उंच जाता येत नाही, आणि पोहणाऱ्या पुंबीजालाही जमिनीलगतच राहावं लागतं. मॉस, लिव्हरवर्ट, हॉर्नवर्ट मिळून आज सुमारे २०,००० प्रजाती आहेत, म्हणजे नेच्यांच्या जवळजवळ दुप्पट. तिला हा आकडा जरूर सांगा.

आणखी एक सांगा. सुकून पुन्हा जगण्याची ही कला मोठ्या वनस्पती पूर्ण विसरल्या नाहीत, त्यांनी ती बियांत ठेवली. हरभऱ्याचा दाणा वर्षभर डब्यात कोरडा राहून पाण्यात भिजवल्यावर मोड काढतो. त्यात पेशी वाचवणाऱ्या विशिष्ट शर्करा आणि प्रथिनं काम करतात, आणि सुकलेल्या मॉसमध्येही तशीच प्रथिनं असतात. काही फुलझाडांनी ही कला बियांतून पुन्हा पानांत आणली आहे. कातळसड्यांवर आणि पठारांवर ट्रायपोगॉन नावाचं बारीक गवत उन्हाळ्यात मेल्यासारखं पडतं आणि पहिल्या पावसाबरोबर तीच पानं हिरवी होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अलीकडे पश्चिम घाटातून सुकणं सोसणाऱ्या अशा ६२ वाहिनीयुक्त प्रजाती नोंदवल्या. त्याआधी अशा ९ माहीत होत्या. खडकाळ पठारं "पडीक" म्हणून नोंदवली जातात आणि खाणीला किंवा बांधकामाला जातात तेव्हा नेमक्या या वनस्पती जातात. मला याचं फार वाईट वाटतं.

उलट प्रवासही झाला आहे. झोस्टेरा मरीना हे समुद्री गवत फुलझाडांतून परत समुद्रात गेलं. २०१६ मध्ये त्याचा जीनोम प्रसिद्ध झाला तेव्हा दिसलं की पर्णरंध्रं घडवणारी जनुकंच त्याने टाकून दिली आहेत. आपल्याकडे सह्याद्रीतल्या वेगवान ओढ्यांच्या खडकांवर पोडोस्टेमेसी कुळातल्या वनस्पती आहेत. पावसाळ्यात त्या पाण्याखाली खडकाला चिकटलेल्या असतात आणि नवख्याला शैवाल किंवा लिव्हरवर्टच वाटतात. पाऊस सरून पाणी उतरलं, खडक हवेत उघडा पडला, की त्यांना फुलं येतात, आणि बी त्याच खडकाला चिकटून पुढच्या पावसाची वाट बघतं.

वर्गात करायचा प्रयोग सोपा आहे. मे महिन्यात शाळेच्या भिंतीवर किंवा झाडाच्या बुंध्यावर तपकिरी, चुरगळलेलं मॉस असतं. नखाएवढा तुकडा कागदाच्या पुडीत घालून ठेवा. वर्ग सुरू झाल्यावर तो बशीत ठेवून ड्रॉपरने पाणी सोडा आणि मुलांना आळीपाळीने भिंगातून बघू द्या. बऱ्याच जातींत पानं डोळ्यांदेखत सरळ होतात. शेजारी सुकलेलं जास्वंदीचं पान ठेवा, त्यावरही पाणी घाला, म्हणजे फरक लगेच दिसेल. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच भिंतीवर बोंड्या आणि टोप्या मिळतील. नमुने मात्र शाळेच्या आवारातूनच घ्या. पठारांवरून आणि दरडींवरून काही खरवडून आणू नका, कारण तिथला मॉसचा तळहाताएवढा तुकडा वाढायला कित्येक वर्षं लागलेली असू शकतात.